निव्वळ क्लेरिकल

इंदोरा, नागपूर
११ जुलै १९६७

भाऊ,
जयभीम.

मागचं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमननं लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘या नावाचे कोणी राहत नाही.’ पत्ता बरोबर होता. इमारत, मजला, खोली, सगळं. मी नाव रामटेके लिहिलं होतं. या पाकिटावर रामटेककर लिहिणार आहे. सरावासाठी रद्दी कागदावर आधी लिहून पाहिलं. हात अडखळेल असं वाटलं होतं. अडखळला नाही.

माय बरी आहे. पैसे नकोत. तू यावंस म्हणूनही लिहीत नाही. एका शब्दाचा अर्थ विचारायचा आहे. तू सचिवालयात आहेस. हे शब्द तुमच्याकडूनच खाली येतात.

शब्द आहे क्लेरिकल.

आमच्या ऑफिसात शिक्षिकांच्या प्रशिक्षण वर्गाच्या याद्या होतात. आपल्या गल्लीतल्या रामाजीच्या प्रेमिलानं यंदा अर्ज केला. तू मुंबईला गेलास तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. आता मॅट्रिक झाली आहे. राखीव जागा होती आणि गुण पुरेसे होते. अंतिम यादीत तिचं नाव आलं नाही. रामाजीनं वर तक्रार केली. वरून विचारणा आली. आता आमच्या साहेबांना उत्तर द्यायचं आहे. साहेब उन्हाळ्यात पुण्याहून बदलून आलेत.

उत्तर त्यांनी तयार केलं आहे. त्यावर सही माझी हवी आहे.

कागद घेऊन दत्तोपंत आले. दत्तोपंत आमचे हेडक्लार्क. महाल भागातून सायकलवर येतात, पाण्याचा फिरकीचा तांब्या हँडलला लटकवून. माझ्या हातचं पाणी त्यांना नको असतं. पान उलटताना मात्र ते बोट जिभेला लावतात. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक कागदाचा कोपरा त्यांच्या थुंकीनं ओला असतो. वर्षभरात सवय झाली असं लिहिणार होते. झालेली नाही.

‘सही करा बाई आणि मोकळ्या व्हा,’ म्हणाले.

‘कशावर?’

‘काही नाही हो. क्लेरिकल मिस्टेक.’

कागदात असं होतं: कच्ची यादी करताना अर्जातला ‘बौद्ध’ हा शब्द मला ‘वृद्ध’ असा दिसला. मी तसाच टाइप केला. उमेदवार वृद्ध असल्याचं पाहून साहेबांनी नाव कमी केलं.

मी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, ‘पुढच्याच रकान्यात वय आहे. एकोणीस. साहेबांना एकोणीस वर्षांची वृद्धा कशी चालली?’

‘चुकीला का अक्कल असते?’ दत्तोपंत म्हणाले. ‘अक्कल असती तर ती चूक झाली असती काहून?’

पलीकडच्या टेबलावर शामला हसली. ती साहेबांची स्टेनो. हसून झाल्यावर तिनं मान खाली घातली.

दत्तोपंतांनी टाचणीच्या टोकानं मला समजावून सांगितलं. ‘ब’चं पोट भरलं नाही की त्याचा ‘व’ होतो. वरचा औकार पुसट असला की दिसत नाही. खाली शाईचा ठिपका पडला की ऋकार वाटतो. द्ध तर दोन्हीकडे आहेच. ‘बघा, मलाही आता वृद्धच दिसून राहिलं,’ म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. बौद्ध या शब्दाकडे त्यांनी इतकं निरखून कधी पाहिलं नसेल.

मग साहेबांनी बोलावलं. ‘घाबरू नका, निव्वळ क्लेरिकल आहे,’ म्हणाले. ‘तुमच्यावर काही येणार नाही. ताकीद येईल, तीही तोंडी.’

मागच्या महिन्यात मी एका पत्राची तारीख चुकवली होती. तेव्हा मेमो मिळाला. त्यात ‘अक्षम्य निष्काळजीपणा’ असे शब्द होते. क्लेरिकल हा शब्द नव्हता. म्हणजे माझी चूक माझीच असते आणि साहेबांची चूक झाली की ती क्लेरिकल होते. तुमच्याकडेही असाच अर्थ आहे, की हा नागपूरपुरता आहे?

मी मुदत मागितली आहे. सही केलेली नाही.

तारा


इंदोरा
२२ जुलै १९६७

भाऊ,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं. मजकूर थोडा, अक्षर एकही चुकलेलं नाही. तू लिहितोस, सही करून टाक, अशा गोष्टी रेकॉर्डला राहत नाहीत. टेंपररी माणसानं तत्त्वाच्या भानगडीत पडू नये. यापुढे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, घरी वहिनी उघडते. आणि वर जे लिहितेस ते लिहू नकोस.

वर लिहिलेलं नाही. खाली लिहीन.

कॉलेजातली डिक्शनरी ट्रंकेतून काढली. क्लेरिकल. पहिला अर्थ, धर्मगुरूंचा, पाद्री लोकांचा. दुसरा अर्थ, कारकुनांचा. आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा सांगितलं होतं. तिकडे एके काळी लिहिता-वाचता येणारे फक्त पाद्रीच. म्हणून लिखापढीच्या सगळ्या कामाला त्यांचं नाव पडलं. पुढे पाद्री देवळात राहिले आणि शब्द कचेरीत आला.

हे मी मायला सांगितलं. ती विड्या वळत होती.

‘म्हंजे ते चूक भटाची?’ मायनं विचारलं.

‘शब्दाचा अर्थ तसाच आहे.’

‘मंग सई तू काहून करतं वं?’

मला हसू आलं. या महिन्यात मी तेव्हाच हसले असेन.

काय झालं ते तू विचारलं नाहीस. तरी लिहिते. कच्ची यादी मी केली होती. प्रेमिलाच्या नावासमोर ‘बौद्ध’ असं टाइप केलं होतं. साहेब यादी वाचत होते आणि मी समोर उभी होते. तिच्या नावापाशी थांबले. म्हणाले, ‘बौद्ध अनुसूचित नाहीत.’ मी म्हणाले, ‘राज्यात सवलत आहे साहेब, सरकारचा ठराव आहे.’ त्यांनी वर पाहिलं. ‘तुम्ही मला ठराव शिकवणार?’ एवढं बोलून त्यांनी हिरव्या शाईनं तिच्या नावावर रेघ ओढली. आमच्याकडे नियम असा की खोडलं तर एकाच रेघेनं खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला खोडणाऱ्याची सही. साहेबांनी सही केली नाही. त्या नावाविना पक्की यादी मी टाइप केली. कच्ची यादी फाडायची पद्धत आहे, तशी ती फाडली.

पक्की यादीही मीच टाइप केली हे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. बोलले ते एकदाच बोलले. नंतर बोटं चालवली.

परवा रामाजी प्रेमिलाला घेऊन आला. मी त्याला सगळं सांगितलं. मी सही केली तर चूक टायपिस्टची ठरते, साहेबांचा निर्णय तसाच राहतो, आणि प्रेमिलाला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायला सांगतील. सही केली नाही तर नाव का कमी केलं याचं उत्तर साहेबांना द्यावं लागेल, आणि जागा यंदाच मोकळी करावी लागेल.

‘तुयी नौकरी जाईन तं मले नको ते जागा,’ रामाजी म्हणाला. ‘पन तिले बुढी नको ठरवू. गल्लीतले पोट्टे आतापासूनच चिडवून राहिले, आजी आली, आजी आली म्हनते.’

ऑफिसातला मजकूर गल्लीत कसा पोचला, माहीत नाही. चपराशी इकडूनच येतो.

प्रेमिला दाराशी उभी होती. जाताना म्हणाली, ‘ताराताई, माझं अक्षर खराब आहे का?’

‘नाही.’

‘शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिवत होती. कोनाले वाचता नाही आलं असं तं कधी झालं नाही.’

भाऊ, तिचा अर्ज मी पुन्हा काढून पाहिला. अक्षर छापल्यासारखं आहे. तो एक शब्द तर तिनं बाकीच्यांपेक्षा मोठा काढला आहे. तुला आठवतं का माहीत नाही. कॉलेजच्या प्रवेशाचा माझा अर्ज तूच समोर बसून भरून घेतलास. त्या रकान्याशी आलो तेव्हा म्हणालास, ‘मोठं काढ. बारीक लिहिलं की लाजल्यासारखं दिसते.’ तेव्हा तूही ‘दिसते’ म्हणायचास.

छप्पन साली दीक्षेहून परतल्यावर तू मायला शिकवायला बसलास. भिंतीवर कोळशानं दोन शब्द लिहिलेस. एक आपलं आडनाव, सहीपुरतं. दुसरा तो. बाराखडी तिला जमली नाही. हे दोन शब्द जमले. विहाराच्या पाटीवरचा तो शब्द ती अजून दुरून ओळखते, आणि बाकी पाटी तिला नक्षीसारखी दिसते. जो शब्द मायला वाचता येतो तो मला वाचता येत नाही, असं मी लिहून द्यायचं आहे. तू म्हणतोस, रेकॉर्डला राहत नाही.

तुझ्या आडनावाला ‘कर’ लागला, तोही क्लेरिकल का? कोणाच्या हातून झाला?

तुझी लग्नपत्रिका आली तेव्हा मायनं मला वाचायला लावली. मी रामटेके असं वाचलं. मी मुद्दाम चुकीचा वाचलेला तेवढाच एक शब्द. मायनं पत्रिका हातात घेऊन बराच वेळ पाहिली. वरचं गणपतीचं चित्र पाहत असेल असं मला वाटलं. मग ती तिनं डब्यात ठेवून दिली.

तारा
जयभीम


इंदोरा
५ ऑगस्ट १९६७

भाऊ,

मी तुला अर्थ विचारला होता. तू शिफारस केलीस.

काल साहेबांनी बोलावलं. ‘बसा,’ म्हणाले. त्या खोलीत मी आजवर बसलेले नाही. चपराशाला चहा आणायला सांगितला. टेबलावर तुझं पत्र होतं, डी.ओ. म्हणतात तसलं, साहेबांच्या नावानं लिहिलेलं, अर्धं सरकारी, अर्धं घरचं. त्यांनी ते मला वाचायला दिलं. ‘माझी भगिनी आपल्या कार्यालयात आहे. स्वभावाने थोडी हट्टी, अनुभव कमी. सांभाळून घ्यावे.’ भगिनी हा शब्द तू यापूर्वी कधी वापरलास?

‘अहो, आधी सांगायचं नाही का?’ साहेब म्हणाले. ‘रामटेककर आमच्या चांगल्या परिचयाचे. म्हणजे मुंबईला गेलं की भेट होतेच. तुम्ही मूळचे तिकडचेच ना? आमच्या मावशीचे व्याही रामटेककर. देवस्थानाचं काही काम होतं त्यांच्याकडे.’

चहा आला. कपबशी साहेबांच्या सेटमधली होती, निळ्या काठाची.

‘आणि इथे मस्टरवर तुमचं नाव रामटेके लागलंय,’ साहेब म्हणाले. ‘हीसुद्धा क्लेरिकल मिस्टेकच दिसते. दत्तोपंतांना दुरुस्त करायला सांगितलंय.’

‘मस्टरवरचं बरोबर आहे साहेब. आम्ही रामटेके. आम्ही बौद्ध आहोत.’

साहेबांनी कपाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, कपाकडे. कप मी उचललेला होता.

‘असं,’ म्हणाले. तुझं पत्र त्यांनी घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. सावकाश, त्यावर काही सांडलं असावं तसं. मग आवाज गोड केला. ‘मग तर तुम्ही जास्त समजून घ्यायला हवं. तुमच्याच समाजातली मुलगी. प्रकरण वाढलं तर नाव तिचंच खराब होणार. आपण काय, आज इथे, उद्या तिथे.’

चहावर साय आली होती. मी ती बोटानं बाजूला केली आणि चहा संपवला. साहेब संपेपर्यंत वाट पाहत होते. मी घाई केली नाही.

आज सकाळी तो निळ्या काठाचा कप माझ्या टेबलावर होता. चपराशी म्हणाला, ‘साहेबांनी सांगितलं ताई, हा आता तुमचाच. घरी न्या, नाहीतं इथं ठेवा.’ तो खुशीत होता. त्याला ते बक्षीस वाटलं.

दत्तोपंतांना वाटलं नाही. त्यांनी कप पाहिला, मला पाहिलं. म्हणाले, ‘सेट मोडला की साहेबांचा.’ मग जरा वेळानं, रजिस्टरमधून मान वर न करता, ‘तुमचे बंधू मोठे झाले बाई. मोठ्या माणसांची नावं लांबत जातात. आमची आहे तेवढीच राहिली.’

त्या माणसाची मला किळस येते. आज मात्र सगळ्यांत जास्त त्याची आली नाही.

आता सांगते, शिफारस परत घे. पत्र लिहून परत घेता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी सांगते.

तारा
जयभीम


१२ ऑगस्ट

भाऊ,

स्पष्टीकरण दिलं. प्रत तुझ्यासाठी उतरवते, कारण पुढे तुझ्याकडे येईल तेव्हा ते असंच असेल याची खात्री नाही.

‘बौद्ध हा शब्द मला वाचता येतो. अर्जातला तो शब्द मी बरोबर वाचला व कच्च्या यादीत बरोबर टाइप केला. साहेबांनी सदर उमेदवाराचे नाव माझ्यासमोर खोडले. खोडल्याजागी सही केली नाही. त्यांच्या सांगण्यावरून त्या नावाविना पक्की यादी मी टाइप केली. उमेदवाराचे अक्षर उत्तम आहे.’

शेवटचं वाक्य प्रेमिलासाठी. दत्तोपंत म्हणाले ते काढा, ते अप्रस्तुत आहे. मी काढलं नाही.

‘हे स्पष्टीकरण नाही बाई, ही फिर्याद झाली. भाषा बदला.’

‘कुठला शब्द बदलू?’

‘सगळेच.’

मग त्यांनी बोट ओलं केलं, कागद उचलला आणि शिक्का मारला. शिक्का मारावाच लागतो. त्यांच्या हातून तेवढं चुकत नाही.

तारा
जयभीम


इंदोरा
२ सप्टेंबर १९६७

भाऊ,

प्रेमिलाला जागा मिळाली. परवा ती वर्ध्याला गेली. रामाजीनं तिची पेटी डोक्यावर घेतली आणि गल्लीतल्या पोट्ट्यांना स्टेशनपर्यंत मागे येऊ दिलं. ते ‘आजी चालली, आजी चालली’ ओरडत होते. तीही हसत होती.

वरून आलेल्या हुकुमाचं वाक्य असं आहे: ‘लेखनदोषामुळे वगळले गेलेले नाव समाविष्ट करण्यात येत आहे.’ माझं स्पष्टीकरण फाइलला आहे. त्यावर कोणीतरी ‘पाहिले’ असं लिहिलं आहे. म्हणजे मी सही केली नाही, सगळं उलट लिहून दिलं, तरी चूक क्लेरिकलच राहिली. क्लेरिकल म्हणजे काय ते आता मला कळलं आहे. चूक कोणाचीच नव्हती, असं म्हणण्याचा तो शब्द आहे. तो लागू करायला कोणाची सही लागत नाही. माझी मागितली ती बहुधा सौजन्य म्हणून.

तो मजकूर तुझ्या टेबलावरून गेला का, हे विचारणार नाही.

काल माझी ऑर्डर निघाली. टेंपररी टायपिस्टच्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही. कारण दिलेलं नाही, द्यावं लागत नाही. साहेब सकाळीच सही करून चांद्याकडे दौऱ्यावर गेले होते. दत्तोपंतांनी ऑर्डर माझ्यापुढे ठेवली आणि पोच घ्यायचं पुस्तक उघडलं. मी नाव पाहिलं.

‘कु. तारा रामटेककर.’

साहेबांनी मला चहाला बोलावण्याआधी सांगितलेली दुरुस्ती दत्तोपंतांनी नव्या महिन्याच्या मस्टरवर करून टाकली होती. नंतर साहेबांना कळलं, पण दुरुस्ती करू नका असं सांगायचं राहिलं. एकदा सांगितलेलं काम दत्तोपंत ठेवत नाहीत. मस्टरवरून ते नाव ऑर्डरवर आलं. शामलानं ते टाइप केलं.

शामला उठून माझ्या टेबलाशी आली. पाणी प्यायचं निमित्त केलं. ‘घेऊ नका,’ हळूच म्हणाली. ‘ही ऑर्डर तुमची नाही. या नावाचं कोणी इथे नाही.’

‘दुसरी काढतील.’

‘साहेब आल्यावर. ते यायला बारा-पंधरा दिवस. तुमचं वर्ष याच आठवड्यात भरतं, मग असं एका ओळीत काढता येत नाही, सगळं मुंबईला विचारावं लागतं. मुंबईला तुमचे भाऊ आहेतच. बसून राहा नुसत्या. म्हणा, मला मिळालीच नाही.’

‘तू मुद्दाम केलंस?’

‘मी समोर होतं ते टाइप केलं,’ शामला म्हणाली. ‘क्लेरिकल.’

आणि हसली. चांगली मुलगी आहे. नोकरी तिलाही आहे.

दत्तोपंतांनी सगळं ऐकलं असावं. त्यांनी पुस्तक मिटलं नाही, पुढेही सरकवलं नाही. म्हणाले, ‘विचार करा बाई. नाव तुमचं नसेल तर मी पोच घेऊ कोणाची?’ एवढं बोलून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तो माणूस मला वाचवत होता. कशासाठी, माहीत नाही. कदाचित नवा टायपिस्ट येईपर्यंत याद्या कोण करणार म्हणून.

मी थोडा वेळ बसले. खरं लिहिते, लगेच ठरलं नाही. मायच्या विड्या आठवल्या, तिचा खोकला आठवला. एवढंच करायचं होतं की काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं. कोणी हाक मारली, रामटेककर, की ओ द्यायची नाही, आणि पगाराच्या दिवशी द्यायची. तू हे रोज करतोस. वाईट दिसत नसावं.

मग मी पेन घेतलं. ऑर्डरवरच्या नावातला ‘कर’ एका रेघेनं खोडला. ‘टे’ आणि आधीचा ‘क’ तसेच राहिले, त्या ‘क’ला मात्रा दिली. बाजूला सही केली. मस्टर मागवलं, तिथेही तसंच केलं. मग पोच लिहून दिली.

दत्तोपंतांनी सही पाहिली. ‘नियम बरा लक्षात आहे,’ म्हणाले.

‘तुम्हीच शिकवलात.’

‘साहेबांनाही शिकवला होता,’ ते म्हणाले आणि बोट जिभेला लावून पान उलटलं.

निळ्या काठाचा कप मी तिथेच ठेवला. शामलानं विचारलं, ‘मी घेऊ का?’ मी म्हणाले, ‘तुला नको.’ तिनं पुन्हा विचारलं नाही.

मायला रात्री सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं झालं, तुया कागदाले त्या बुढ्याचा थुका लागत होता.’ हे मी तिला एकदाच सांगितलं होतं. मग विडीचं सूप माझ्यापुढे सरकवलं. पानं मला कापता येतात, विड्या नीट वळता येत नाहीत. शिकेन. इंदूबाई म्हणून एक बाई मुलींची शाळा चालवतात, तिथे टायपिंगचा वर्ग निघणार आहे असं ऐकते, विचारणार आहे.

आता हे पत्र. आज सकाळी पाकिटावर तुझं नाव घातलं. माय शेजारी होती. पाकीट तिनं हातात घेतलं, दूर धरलं.

‘हे इतकं लांब काहून लिवलं वं?’

मी विचारलं, ‘काय?’

‘आपलं नाव. मी सई करतो तं इथं सरते.’ तिनं बोट ठेवलं. ‘हे पुढचं का आहे?’

मी पेनाचं टोपण काढलं.

‘त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवरबी असंच लांब होतं,’ माय म्हणाली. ‘तू वाचलं तवा तितकंच वाचलं. मी म्हटलं, पोरगी थकली असन.’

भाऊ, ते दोन शब्द तिला तूच शिकवलेस. भिंत मागच्या दिवाळीत रंगवली, पण कोळसा रंगातून वर आला आहे. अजून वाचता येतो.

पाकिटावरचा ‘कर’ मी खोडला आहे, ‘क’ला मात्रा दिली आहे. माय म्हणाली, सई मीच करतो. खोडल्याजागी बाजूला जे आडनाव आहे ते तिच्या हातचं आहे. पोस्टमन गोंधळला तर पत्र परत येईल, येऊ दे. तो गोंधळणार नाही असं वाटतं. मी एकच रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं.

तारा रामटेके
जयभीम